खुर्चीची प्रकृती उत्तम

हिंजवडीतल्या एका कंपनीच्या पाचव्या मजल्यावर एकनाथ गरड नावाच्या कर्मचाऱ्याला जी खुर्ची देण्यात आली होती, ती दिवसभरात हळूहळू खाली जात असे. सकाळी तो बसे तेव्हा टेबल त्याच्या कोपराशी असे, जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते छातीशी येई आणि संध्याकाळच्या मीटिंगमध्ये कॅमेऱ्याला त्याचं फक्त कपाळ आणि केसांचा भांग दिसे. पलीकडच्या देशातल्या साहेबांचा त्यामुळे असा समज झाला होता, की हा इसम फारच नम्र आहे.

खुर्चीला आणखी एक सवय होती. ती डावीकडे कलायची. ती डावीकडे कलली की एकनाथ उजवीकडे कलायचा, आणि अशा रीतीने दोघं मिळून सरळ दिसायचे. दिवाळीच्या सुमारास त्याची कंबर धरली. संक्रांतीपर्यंत दुखणं डाव्या कुल्ल्यात उतरलं, तिथून मांडीच्या मागच्या अंगाने पोटरीत गेलं आणि शेवटी पायाच्या करंगळीत मुक्कामाला राहिलं. शिंक आली की कमरेतून जी वीज निघे, ती वाटेत कुठेही न थांबता करंगळीत पोचे. हिंजवडीत इतक्या विनाअडथळा जाणारी दुसरी कोणतीही गोष्ट एकनाथने पाहिली नव्हती.

एकनाथ मूळचा औशाकडचा. हिंजवडीशेजारच्या माण गावात बापूसाहेबांच्या चार मजली इमारतीत दोन खोल्या घेऊन तो बायको हेमलता आणि मुलगी जुईली यांच्यासह राहत होता. त्या जागी पूर्वी भात व्हायचा, आता भाडेकरू होत होते. पहिलीतल्या जुईलीला शाळेच्या गाडीपर्यंत बापाच्या खांद्यावर बसून जायची सवय होती. ती दिवाळीनंतर मोडली. संध्याकाळचा खेळ तेवढा शिल्लक होता. एकनाथ चटईवर पालथा पडायचा, जुईली भिंत धरून त्याच्या पाठीवर चालायची आणि शेवटी त्याच्या तळपायांना गुदगुल्या करायची. हसेल तो हरला. एकनाथ रोज हरायचा.

"बाबा, खांद्यावर परत कधी घेणार?"

"खुर्ची बदलून मिळाली की लगेच."

हे त्याने अगदी मनापासून सांगितलं. खुर्ची बदलून मागितल्यावर काय होतं, हे त्याला अजून ठाऊक नव्हतं.

कंपनीतल्या खुर्च्या, दिवे आणि नळ यांचा कारभार मनीष नावाच्या अधिकाऱ्याकडे होता. तो एके दिवशी सकाळी आला, खुर्चीत टेकला आणि म्हणाला, "मस्त आहे की!"

"सर, संध्याकाळी बसून बघा."

"संध्याकाळी माझी इन्स्पेक्शनची वेळ नसते."

"डावीकडे कलते, सर."

"तुम्ही बसता म्हणून. हे बघा, आता तुम्ही उठलात, तर कशी सरळ उभी आहे." मनीषने खुर्चीच्या पाठीवर मायेने हात फिरवला. "गरड, खुर्ची कंपनीची मालमत्ता आहे, पाठ तुमची. तुमच्या मालमत्तेमुळे आमच्या मालमत्तेचं काय नुकसान झालं, हे खरं तर काढता येईल. पण जाऊ द्या."

सदर तपासणीचा निष्कर्ष असा निघाला: खुर्चीची प्रकृती उत्तम, दोष वापरणाऱ्यात. दोष माणसात निघाल्यामुळे प्रकरण आपोआप मनुष्यबळ विभागाकडे, म्हणजे वैभवी मॅडमकडे गेलं.

वैभवी मॅडम हळव्या होत्या. कुणाचंही दुःख ऐकलं की त्यांना एखादं अभियान सुचायचं. त्यांनी 'कणा कल्याण' जाहीर केलं. उद्घाटनाला सगळ्या कर्मचाऱ्यांना सभागृहात बसवून 'फार वेळ बसण्याचे धोके' या विषयावर अख्खी सकाळ व्याख्यान देण्यात आलं. चित्रीकरण चालू असल्यामुळे मध्ये कुणी उठू नये, अशी विनंती होती. ज्यांची पाठ तोवर दुखत नव्हती, तेही त्या दिवशी अभियानात सामील झाले.

मग डॉक्टर समीक्षा आल्या. त्या कायरोप्रॅक्टर होत्या. म्हणजे औषधाची गोळी न देता हातांनी मणके आणि सांधे दाबून, वळवून मोकळे करणाऱ्या. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचा कणा काढला आणि एकनाथसमोर धरला.

"हे मणके. दोन मणक्यांच्या मध्ये ही मऊ गादी. पुरणपोळी एका बाजूने दाबली तर काय होतं?"

"पुरण दुसरीकडून बाहेर येतं."

"तसंच. तुम्ही वर्षभर वाकडे बसलात, गादी एका बाजूने दाबली गेली, दुसरीकडून फुगली. नेमकी तिथूनच ही नस निघते. शरीरातली सगळ्यात जाड नस, हाताच्या करंगळीएवढी. कुल्ल्यातून खाली पावलापर्यंत जाते. गादी तिच्यावर टेकली की ती बोंब मारते. बोंब ऐकू येते पायात, पण मारणारा बसलेला असतो कमरेत. याला सायटिका म्हणतात."

त्यांनी आधी लघवीला काही अडचण आहे का विचारलं, पायाचा अंगठा वर उचलायला लावला, टाचांवर चालवून बघितलं. मग एकनाथला कुशीवर वळवून कमरेला असा काही नेमका झटका दिला, की 'कट्' आवाज झाला. वैभवी मॅडमनी तो चित्रित केला. एकनाथ उठला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा न वाकता उभा राहिला.

"बसला का मणका जागेवर?" वैभवी मॅडमनी विचारलं.

"मणका कुठे गेलाच नव्हता. सांध्यातला बुडबुडा फुटला की असा आवाज येतो. याने थोडे दिवस बरं वाटेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण हे परत त्याच खुर्चीत बसणार असतील, तर माझी आणि खुर्चीची रस्सीखेच होईल, आणि खुर्चीला यांचा सहवास जास्त आहे. यांना धड खुर्ची द्या आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने उठून चालू द्या. आणि एकनाथ, एक लक्षात ठेवा. दुखणं एकाएकी थांबलं आणि पाऊल बधिर झालं, उचलेना, तर पेढे वाटू नका. त्याच दिवशी मला फोन करा. तेव्हा माझ्या कटकटीचा उपयोग नाही, तुम्हाला तातडीने सर्जनकडे पाठवावं लागेल. बोंब मारणारी नस जिवंत असते. गप्प बसली की घाबरायचं."

कंपनीने या सल्ल्याचा गांभीर्याने विचार केला. डॉक्टरांना पाठीसाठी बोलावलेलं असताना त्यांनी खुर्चीबद्दल मत द्यावं, हे त्यांच्या कार्यकक्षेबाहेरचं ठरलं. उठून चालण्याची सूचना मात्र तत्त्वतः मान्य झाली. अडचण एवढीच होती, की माउस थोडा वेळ हलला नाही तर संगणक त्या माणसाला गैरहजर मांडायचा. म्हणून उभं राहण्यासाठी आधी परवानगी मागायची, असं ठरलं. परवानगी द्यायचा अधिकार टीम लीड अमोघकडे होता. अमोघ कर्तव्यदक्ष होता. उभं राहण्याची गरज, उद्देश आणि त्यातून होणारं फलित तपासल्याशिवाय तो सही करत नसे. एकनाथची सकाळची परवानगी साधारणपणे संध्याकाळी, तो घरी जाणाऱ्या कॅबमध्ये असताना यायची. ती लगेच वापरली नाही तर रद्द व्हायची आणि 'उपभोगली' अशी नोंद व्हायची. कॅबमध्ये उभं राहण्याची सोय नव्हती. तरी एकदा एकनाथने प्रयत्न केला. डोकं टपाला लागलं.

डॉक्टर आठवड्याला येऊन कंबर मोकळी करायच्या, आणि त्याच संध्याकाळी माणच्या रस्त्यावरचे खड्डे आणि गतिरोधक ती परत आवळून द्यायचे. अशाच एका संध्याकाळी कॅब दारात आली, पण एकनाथ उतरेना. चालक राजू आणि बापूसाहेब यांनी त्याला बसल्या आकारातच उचलून ओट्यावर ठेवलं.

बापूसाहेबांची आई सारजाबाई तिथे शेळीला पाला टाकत होती. सारजाबाई पायाळू होती. जन्मताना डोक्याऐवजी पायाकडून आलेल्या माणसाला पायाळू म्हणतात, आणि अशा माणसाने धरलेल्या कमरेवर लाथ घातली की कंबर सुटते, असं मुळशीत शहाणीसुरती माणसं मानतात. सारजाबाईच्या लाथेला माणपासून कोळवणपर्यंत मान होता. लोक जीप करून यायचे, लाथ खायचे आणि पाया पडून जायचे. त्यामुळे सारजाबाईला आपल्या पायांचा भारी तोरा होता.

"धरली व्हय रं कंबर?"

"पाय धरलाय आजी, कमरेपासून."

"फिर तिकडं."

"आजी, मला डॉक्टरांचं चालू आहे..."

"डाक्तरीण पायाळू हाय का?"

"विचारलं नाही."

"मग! शिकल्यात लई, पर जल्माला आल्यात डोस्क्याकडनं."

एवढं बोलून सारजाबाईने लाथ घातली. एकनाथ ओट्यावरून थेट जिन्यापाशी गेला आणि भीतीने ताठ उभा राहिला. भीती उतरेपर्यंत पाठही ताठ राहिली.

"अहो, लाथच हवी होती तर आधी सांगायचं," हेमलता वरून म्हणाली. "म्हातारीला कशाला त्रास? मीच घातली असती."

हा किस्सा एकनाथने दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये गंमत म्हणून सांगितला. हीच त्याची चूक झाली. सगळे हसले, वैभवी मॅडम हसल्या नाहीत. त्या विचारात पडल्या. डॉक्टर समीक्षा प्रत्येक भेटीत एकच प्रश्न विचारायच्या: "खुर्ची बदलली का?" या म्हातारीने तो विचारला नव्हता. तिच्या उपचारपद्धतीत मुळात खुर्चीच नव्हती. खर्च नाही, सूचना नाही, शिवाय स्थानिक वारसा. डॉक्टर समीक्षा यांचे आभार मानून त्यांच्या भेटी थांबवण्यात आल्या.

तरीही कुणाचीही लाथ खाणं कंपनीच्या नियमात बसत नव्हतं. उमेदवार खरोखर पायाळू असल्याचा पुरावा हवा होता. जन्मदाखल्यावर तारीख असते, गाव असतं, आईबापाचं नाव असतं. बाळाचा कोणता भाग आधी आला, याचा रकाना नसतो. म्हणून वैभवी मॅडम आणि मनीष यांची समिती माणला आली.

"आजी, तुम्ही पायाकडूनच आलात, हे नक्की कशावरून?" मनीषने विचारलं.

"मी काय येताना मागं वळून बघत हुते व्हय?"

"कुणी साक्षीदार?"

"आई हुती, ती गेली. सुईन हुती, ती बी गेली. आता हितं मीच काय ती हाय."

"मग काही प्रूफ नाही म्हणायचं."

सारजाबाईने पदर खोचला. "पुरावाच पायजे ना तुला? फिर तिकडं."

मनीषने पुरावा घेतला. तो बसून जाऊ शकला नाही, त्यामुळे समितीचा अहवाल गाडीत उभ्याउभ्या, म्हणजे ओणव्याने तयार झाला आणि अनुकूल आला.

ठरल्या दिवशी पाचव्या मजल्यावर कर्मचाऱ्यांना भिंतीकडे तोंड करून रांगेत उभं करण्यात आलं. त्यासाठी उभं राहण्याची सामूहिक परवानगी अमोघने खास बाब म्हणून दिली होती. सारजाबाई नऊवारीचा काष्टा घट्ट करून एका टोकाकडून निघाली. अभियंते, परीक्षक, हिशेबनीस, पदानुसार कुणालाही कमी-जास्त न करता तिने सगळ्यांना सारखाच न्याय दिला. लाथ ऐच्छिक नव्हती. अभियानात नाव आलं की दर आठवड्याला घ्यावीच लागे. एकनाथचं नाव यादीत पहिलं होतं.

मधल्या विश्रांतीला सारजाबाईला बसायला एकनाथची खुर्ची देण्यात आली, कारण तो रांगेत असल्यामुळे तीच मोकळी होती. म्हातारी बसली, खाली गेली, डावीकडे कलली आणि कडाडली.

"ही खुर्ची हाय का घसरगुंडी? मला धड खुर्ची द्या, न्हाईतर ही मी चालले!"

एकनाथने महिनोन् महिने जे वाकून मागितलं, ते सारजाबाईने एका वाक्यात मागितलं. ती कर्मचारी नव्हती, सल्लागार होती. सल्लागाराच्या बाबतीत तपासणी, उद्देश, फलित हे काही लागत नाही. कणा कल्याणाचा सगळा निधी खर्चून दुपारपर्यंत खुर्ची आली: मानेला टेकू, कमरेला टेकू, हातांना टेकू, आणि कुठेही न कलणारी. सल्लागारासाठी आणलेली वस्तू कर्मचाऱ्याला देता येत नाही, असा नियम निघाला. म्हणून ती संध्याकाळी माणच्या कॅबमधून सारजाबाईच्या घरी रवाना झाली. खुर्चीला मधली आरामाची जागा दिली होती. एकनाथ तिच्यामागे, गुडघे हनुवटीशी घेऊन बसला होता.

सारजाबाई घरी एकदा तिच्यात बसली. "नगं ग बया, टेकलं की झोप येती," म्हणाली आणि खुर्ची अंगणात ठेवून दिली. दुसऱ्या दिवसापासून तिच्यात शेळी बसायला लागली. एकनाथ रोज सकाळी कंबर धरून जिना उतरायचा, तेव्हा शेळी मान टेकवून, पाठ सरळ ठेवून रवंथ करत असायची. तिचा कणा पाहण्यासारखा झाला होता.

पावसाळा सरता सरता एकनाथचं दुखणं मांडीत उकळत्या तेलासारखं झालं. लाथेच्या दिवशी तर त्याला डोळ्यांपुढे काजवे दिसत. आणि एका सकाळी तो उठला, तर काहीच दुखत नव्हतं. त्याने मुद्दाम शिंकून बघितलं. वीज निघाली नाही. आनंदाच्या भरात तो जिना उतरला. डाव्या पायातली चप्पल मागे खालच्या पायरीवर राहिली होती, हे त्याला शेळी ती चघळायला लागल्यावर कळलं.

त्याच दिवशी वैभवी मॅडम पाहणीला आल्या. "झिरो म्हणजे काहीच नाही, टेन म्हणजे असह्य. तुमचा आकडा?"

"आज शून्य, मॅडम. पण पाऊल जरा..."

"प्रश्नात पाऊल नाहीये, एकनाथ."

"कळत नाही नीट. बधिर..."

"म्हणजे दुखत नाही ना?"

"दुखत नाही."

"मग?" वैभवी मॅडमचे डोळे भरून आले. अभियानातला तो पहिला शून्य होता. दुसऱ्याच दिवशी 'निरोगी कणा' पुरस्कार जाहीर झाला. परदेशचे साहेब पडद्यावरून हजर राहणार होते, आणि एकनाथच्या बढतीची बोलणीही त्याच सुमाराला होती.

संध्याकाळी जुईली पाठीवर चालून झाली आणि तळपायांशी बसली. तिने गुदगुल्या केल्या. एकनाथ गप्प पडून होता.

"बाबा!" ती आनंदाने ओरडली. "आज तू हसलाच नाहीस! तू जिंकलास!"

"सुरुवात तरी कर," एकनाथ म्हणाला.

"कधीची करतेय!"

एकनाथ उठून बसला. जुईलीची बोटं त्याच्या डाव्या तळपायावर भराभरा नाचत होती. ती त्याला दिसत होती, एवढंच. त्याने अंगठ्याकडे बघून त्याला वर उचलायचं ठरवलं. अंगठ्याने ते ऐकलं नाही.

हेमलताने डॉक्टर समीक्षांना फोन लावून त्याच्या हातात दिला.

"आत्ता निघा," डॉक्टर म्हणाल्या. "मी सर्जनशी बोलते. ही नस दबून दबून थकली आहे. जितका उशीर, तितकं पाऊल परत यायची आशा कमी."

"उद्या दुपारी आलो तर? सकाळी कंपनीत पुरस्कार आहे."

"कसला?"

"निरोगी कण्याचा."

"एकनाथ, नसेला कार्यक्रमपत्रिका वाचता येत नाही."

"मी रिक्षा बघते," हेमलता म्हणाली.

"थांब गं. एका रात्रीने काय होतंय?" एकनाथ म्हणाला. "दुखत तर नाहीये."

कुणाचं वाक्य आपण बोललो, हे त्याच्या लक्षात आलं नाही. वैभवी मॅडमची पाहणी त्याने घरी रंगवून सांगितली होती, त्यामुळे हेमलताच्या लक्षात आलं. तिने जुईलीला उचलून आपल्या खांद्यावर घेतलं आणि गच्चीवर निघून गेली.

सकाळी सभागृह भरलं होतं. एकनाथ डावं पाऊल फरशीवर घासत मंचाकडे निघाला. पायरीला बोटं अडकली आणि तो वैभवी मॅडमच्या पायांशी आडवा झाला. पडद्यावर साहेबांनी हात जोडले. ते शेजाऱ्याला म्हणाले, की हा माणूस पहिल्यापासूनच फार नम्र आहे.

त्याला उठवून शाल, नारळ देण्यात आला. मग मनीष बोलला. ज्या खुर्चीत बसून श्री. गरड यांनी हे शून्य गाठलं, ती सर्वांना मिळायला हवी, असं कंपनीने ठरवलं होतं. त्याच जातीच्या खुर्च्या सगळ्या मजल्यांसाठी मागवल्या होत्या. एकनाथच्या खुर्चीला हार घालून ती मंचावर आणण्यात आली, आणि छायाचित्रासाठी एकनाथला तिच्यात बसवलं. छायाचित्रकाराला चौकट दोनदा खाली घ्यावी लागली.

"सभागृहात आणखी कुणाला काही दुखतंय का?" वैभवी मॅडमनी हसत विचारलं.

सगळे एका कुल्ल्यावरून दुसऱ्या कुल्ल्यावर सरकले आणि एका आवाजात नाही म्हणाले. मग बसूनच टाळ्या वाजल्या.

तुम्हीही मघाशी एकदा तसेच सरकलात. डॉक्टर फोनवर बोलत होत्या, तेव्हा तुम्ही हळूच पायाचा अंगठा वर उचलून पाहिलात. मध्ये एकदा उठावंसं वाटलं होतं, पण म्हटलंत, एवढं संपवू आणि उठू. अगदी योग्य केलंत. एकनाथही दुपारनंतर जाणारच होता.

दुखत नाही ना?

मग तुमच्याही नावापुढे शून्य लिहून घेतो. बसा, उठू नका. चित्रीकरण चालू आहे.